वरच्या उताराची मुळं

बाबांच्या हृदयाच्या दोन नळ्या तुंबल्या होत्या, म्हणून मी त्यांना आमच्या लोंगशी गावाहून लानचौ शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं. नळ्या नीट दिसाव्यात म्हणून रक्तात जे औषध सोडतात, ते मूत्रपिंडांना जड जातं, आणि बाबांची मूत्रपिंडं मधुमेहानं आधीच थकलेली. डॉक्टर हू बाईंनी सलाईन लावलं आणि जोडीला तीन दिवसांचा काढा लिहून दिला. सगळी मदार काढ्यावर ठेवू नका, असंही त्यांनी बजावलं.

काढ्यात मुख्य होतं ह्वांगछीचं मूळ. बाबांनी चाळीस वर्षं तीच पिवळी मुळं खणली होती. एक घोट घेऊन त्यांनी वाटी खाली ठेवली.

"सुइलिआन, हे वरच्या उताराचं आहे."

"काल शेवयांत मीठ नव्हतं ते कळलं नाही तुम्हाला, आणि आज मुळाचं शेत कळतंय?"

ते हसले नाहीत. गावामागच्या डोंगराच्या वरच्या उतारावर कुणी जात नाही. बाबांचा थोरला भाऊ तिथं मुळं खणत असताना पिवळ्या मातीची दरड कोसळली आणि तो कधी सापडलाच नाही. मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

त्यांची समजूत घालायला मी खाली काढ्याच्या खोलीत चौकशी करायला गेले. तिथल्या यिनबाई म्हणाल्या, "मीच वर येणार होते." एकाच पोत्यातून सगळ्या रुग्णांच्या पुड्या बांधलेल्या, सगळीकडे पातळ चकत्या. फक्त बाबांच्या पुडीत न चिरलेला एक तुकडा निघाला होता. मुळाच्या शेपटीला गाठ होती, जमिनीतच वाढून घट्ट झालेली.

मी तो तुकडा वर नेऊन बाबांच्या तळहातावर ठेवला. मग त्यांनी सांगितलं, की त्यांचा दादा रोप लावताना मुळाला सैल गाठ मारायचा, कुणी चोरून उपटलं तर ओळखू यावं म्हणून. गाव त्याला हसायचं. दुसऱ्या कुणी तसं कधी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठ निघाली. ती पुडी यिनबाईंनी स्वतः चकती-चकती बघून बांधली होती. बाबांनी वाटी सरकवून दिली. दादा बोलावतोय म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी रडले, चिडले, काही उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशीही तेच. या वेळी मात्र ते उठून बसले.

"न्यायचंच असतं तर त्यानं औषध कशाला धाडलं असतं?" असं म्हणून त्यांनी काढा गाळासकट पिऊन टाकला.

चौथ्या दिवशी सकाळी मनगटातून हृदयापर्यंत बारीक नळी घातली. ते शुद्धीवरच होते. नळ्या दिसण्याचं ते औषध अंगात गेलं की ऊब येते म्हणतात. बाबा मात्र कुडकुडायला लागले आणि डावीकडे मान वळवून हळूच म्हणाले, "दादा, हात फार गार आहेत रे तुझे." डावीकडे कुणी नव्हतं. हे मला नर्सनं नंतर सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

तीन दिवसांनी रक्ताचा अहवाल आला. मूत्रपिंडं होती तशीच होती. हू बाई खूश झाल्या. सलाईननं साधलं की काढ्यानं, ते एका माणसावरून सांगता येत नाही, म्हणाल्या.

त्या दुपारी मी बाबांचं अंग पुसायला घेतलं. सदरा वर केला, तर पाठीवर, कमरेच्या वर, मूत्रपिंडांच्या जागी दोन्ही बाजूंना, ओल्या पिवळ्या मातीचे दोन पंजे उमटलेले. बोटं पसरलेली, खालून आधार दिल्यासारखी. सदरा कोरा, चादर स्वच्छ. मी ते पुसून काढले. घमेल्यातलं पाणी गढूळ झालं, तळाला माती बसली.

नर्स आत आली, घमेल्यात डोकावली. "ही माती कुठली?"

"आमच्या गावची," मी म्हटलं, आणि बाबांचा सदरा खाली ओढला.