आत्याचा अंगठा

अंतिम रेषा ओलांडून मुलगी थांबली, फलकावरचा आकडा बघितला आणि मटकन खाली बसली. शंभर मीटरला बारा पूर्णांक सहा सेकंद. गेल्या मोसमात तिची वेळ बारा पूर्णांक तीन होती. मग मांडीचा स्नायू फाटला, शर्यती बंद झाल्या, आणि आज कितीतरी महिन्यांनी संघनिवडीच्या चाचणीत ती पूर्ण ताकदीने धावली होती. आता तिला कळून चुकलं, पाय काही पूर्वीसारखा झाला नाही.

रेषेजवळच्या कठड्यापाशी तिची आत्या मात्र आनंदाने नाचायचीच बाकी होती. शाळेपासून भाचीला तिनेच घडवलं होतं. आजही सवयीने तिने आपलं घड्याळ दाबलं होतं.

"अगं, बारा दोन! आजवरची सगळ्यात भारी धाव! आणि तू रडतेस काय?"

मुलीने फलकाकडे बोट केलं. आत्याने वर पाहिलं आणि तिचा चेहरा तांबडालाल झाला. पदर खोचून ती थेट वेळ घेणाऱ्या बाईंच्या टेबलापाशी गेली.

"तुमचं यंत्र बिघडलंय!"

"बसा ना, काकू," बाई म्हणाल्या. "यंत्र सकाळीच तपासलंय. तुमचं घड्याळही ठीक असणार. घोटाळा अंगठ्याचा आहे."

"माझ्या अंगठ्याला काय धाड भरलीय?"

"काही नाही. सगळ्यांचा तसाच असतो. भोंगा वाजतो त्याच क्षणी यंत्र सुरू होतं. तुम्ही उभ्या पल्याडच्या टोकाला. आवाज तुमच्यापर्यंत यायला वेळ, ऐकून बटण दाबायला वेळ. शेवटी मात्र मुलगी समोरून येताना दिसते, मग अंगठा वेळेवर पडतो, कधी घाईने आधीच. म्हणून हातची वेळ नेहमी कमी भरते."

आत्याला हे काही पटलं नाही. "बोलणं सोपं आहे," ती म्हणाली.

"मग करूनच बघा. अजून मुली धावायच्या आहेत."

आत्या पुन्हा रेषेपाशी जाऊन उभी राहिली. पहिली मुलगी धावली. आत्याचं घड्याळ फलकापेक्षा कमी. दुसरी, तिसरी, तेच. चौथ्या वेळी तर ती कान टवकारून, श्वास रोखून भोंग्याची वाट बघत होती. तरीही फरक तेवढाच, जवळपास चार दशांश.

ती हळूहळू परत आली. मुलगी अजून बुटांच्या नाड्या सोडत बसली होती.

"ऐकलंस का? गेल्या मोसमातलं तुझं बारा तीन माझ्या अंगठ्याचं होतं. यंत्राने ते बारा सातच्या आसपास भरलं असतं."

मुलीचे हात थांबले. "म्हणजे आज मी..."

"आज तू पूर्वीपेक्षा जोरात धावलीस, शहाणे! आणि तुझ्या बाबांना कमी भरलेले आकडे सांगून इतकी वर्षं मी मिरवत होते, त्याचं काय ते माझं मी बघते."

मुलगी हसली. हसता हसता पुन्हा रडली, पण या रडण्यात छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं.

"आणि संघाची मर्यादा यंत्राच्या वेळेवरच ठरते हो," टेबलावरून बाईंनी आवाज दिला. "बारा सात. तू आत आहेस."

आत्याने तिला उठवून छातीशी धरलं. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. बाबा होते. त्यांनी वेळ विचारलीच नाही.

"पाय दुखला का गं?"

मुलगी गोंधळली. सुटताना, धावताना, रेषेपाशी झोकून देताना पायाची आठवणसुद्धा झाली नव्हती.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "अजिबात नाही."