चंद्री आणि येळवशीची हाक

आमच्या मालकांना एक खोड हाय. डबा उघडला की आरोळी ठोकायची, "या जेवायला!" शेतात असोत नाहीतर दुकानात, समोर कुत्रंबी नसो. मी कितीदा म्हणलं, "अहो, हळू! गाव काय बहिरं हाय का?" पण अण्णाराव म्हणजे अण्णाराव. ह्याच आरोळीवर आमची चंद्री वाढली.

चंद्री म्हणजे हरणी, ठिपक्यांची. तळ्याकाठच्या बागेच्या फाटकासमोर आमचं पेंड-कडब्याचं दुकान. कुत्र्यांनी तिची माय मारली, तवा बागवाल्यांनी हे एवढंसं पिल्लू माझ्या ओटीत घातलं. बाटलीनं दूध पाजून जगवलं. मोठी झाल्यावर बागेत सोडली, पण मालकांची हाक ऐकली की कुंपणाशी हजर. भाकरीचा तुकडा घेतल्याबिगर हलायची न्हाई. माझा लई जीव तिच्यावर.

बागेत आधी मोजकीच हरणं होती. वाघ न्हाई, लांडगा न्हाई, वर सोमवारी लोक पुण्य म्हणून पोळ्या टाकायचे. वाढणार न्हाईत तर काय? गवताचं बूडबी उरलं न्हाई. गेल्या उन्हाळ्यात पाडसं पाण्यासाठी तळ्याच्या गाळात उतरली अन् तिथंच रुतून मेली. अंगात तेवढी ताकदच नव्हती. मी ह्या डोळ्यांनी बघितलं. म्हणून वनखात्याच्या मंजुश्रीबाई आल्या, अर्धा कळप जंगलात न्यायचं ठरलं, तवा मी आडवी गेले न्हाई. एवढंच म्हणलं, "बाई, चंद्री जायची न्हाई. ती माणसाळलेली. तिकडं कुणाच्याबी हाताशी जाईल अन् फुकट मरंल."

"नाही नेत, मावशी. शब्द देते," त्या म्हणल्या.

बागेत हिरव्या कापडाच्या दोन लांब भिंती उभ्या केल्या. तोंड रुंद, मागं निमुळतं, नरसाळंच जणू. शेवटाला ट्रक, आत हिरवा चारा. हरणाला धरायला गेलं तर ते भीतीनंच मरतंय, म्हणून आपल्या पायानं आत यायला पाहिजे. पण हरणं रोज तोंडाशी यायची अन् माघारी जायची. शेवटी येळवशीचा दिवस धरला. येळ अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं, बागेत चिटपाखरू नसतं. आम्हीबी औशाकडच्या शेताला गेलो न्हाई. चंद्रीला सकाळीच दुकानामागच्या परसात कोंडली.

मालकांना ट्रकमागं बसवलं. मी मंजुश्रीबाईंजवळ, नरसाळ्याच्या तोंडावर गुंडाळलेल्या पडद्याच्या दोरीपाशी. कळप तोंडाशी आला अन् थांबला. कुणी खोकेना. अन् तेवढ्यात ट्रकमागून आरोळी उठली, "या जेवायला!"

अगं बाई गं! येळवशीचा डबा उघडला होता, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा अन् बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांचा. ह्या दिवशी शेजारच्या रानाला हाक घातल्याबिगर आपल्यात कुणी घास तोंडात घालत न्हाई, हे खरं. पण माणसाला येळ-काळ कळू नये? कळप बिचकला. मला वाटलं, गेलं सगळं मुसळ केरात.

तर परसाच्या भिंतीवरून उडी टाकून चंद्री आली. फाटकातून आत, कळपातून वाट काढत, नाकासमोर सरळ नरसाळ्यात. तिला काय, जेवायचं बोलावणं होतं. तिच्यामागं एक हरणी गेली, मग तिचं पाडस, मग निम्मा कळप. बाईंनी दोरी सोडली. पडदा पडला.

सगळी माणसं आवाज न करता हसायला लागली. माझी चंद्री मातर पडद्याआड होती.

मंजुश्रीबाईंच्या ध्यानात आलं. माझ्या कानाशी येऊन म्हणल्या, "मावशी, शब्द दिलाय. पडदा वर करते, तुम्ही हाक मारा, ती येईल. पण तिच्यामागं बाकीचीही निघतील, आणि मग परत आत यायची नाहीत. पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष! मधी उन्हाळा होता ना.

कापडाखालून चंद्रीचं नाक बाहेर आलं, हुंगायला लागलं. मी एक शब्द काढला असता तर आली असती. गाळातली ती पाडसं डोळ्यापुढं उभी राहिली. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला अन् हातानं खूण केली, न्या.

ट्रक गेला. मालक डबा मांडीवर घेऊन तसेच बसलेले. "माझ्यामुळं झालं, नागम्मा."

"झालं ते झालं. जेवा आता."

त्यांनी घास उचलला अन् हात थांबला. हाक मारायची होती. घास परत डब्यात ठेवला.

"मारा की!" मी खेकसले. "येळवशीला हाक न मारता जेवत्यात का कुठं?"

मारली. आवाज पार फाटला होता. वनखात्याची माणसं हात धुऊन आली, बसली. मी सगळ्यांना वाढलं. शेवटचा उंडा हातात घेऊन कुंपणापर्यंत गेले, अन् मग आठवलं.