खंडेनवमीच्या पाटावरची मशीन

मी एक जुनी मालिशची मशीन आहे. हातात मावणारी, रबरी डोक्याची, बटण दाबताच थरथरणारी. माझ्या खोक्यावर एका हसऱ्या म्हातारीच्या गुडघ्याचे चित्र होते, त्यामुळे माझा जन्म गुडघ्यांतच जाणार असे मी धरून चालले होते. मित्रांनो, माझी गोष्ट मोठ्या माणसांसाठी आहे. तिच्यात लाजण्यासारखे काही नाही, तरी लोक लाजतात.

परभणीच्या एका डॉक्टरांनी मला हैदराबादहून आणले ते झरीच्या मुंजाजीसाठी. कापसाने भरलेल्या गाडीवरून पडून त्याचा मणका मोडला होता. कमरेखाली ना हालचाल, ना स्पर्श. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. घरी आल्यावर त्याने बायकोशी, कमलशी, बोलणेच टाकले. बोललाच तर एवढेच, "तू माहेरी जा. माझ्यात नवरेपण ऱ्हायलं न्हाई." जिंतूरहून तिचा भाऊ चंद्रभान तिला न्यायला येऊन गेला. ती गेली नाही, पण किती दिवस तग धरेल हे तिलाही ठाऊक नव्हते.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवले. "मेंदूचा निरोप खाली पोचत नाही, हे खरं. पण मोडलेल्या जागेच्या खालच्या नसा मेलेल्या नाहीत. बाहेरून हाक मारली तर त्या ओ देतात. सगळ्यांच्याच देतात असं नाही. बघू या."

ती हाक म्हणजे मी. पहिल्यांदा मला दवाखान्यातच त्याच्या लिंगाला लावले, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून. बराच वेळ काही झाले नाही. मुंजाजी छताकडे बघत पडला होता. मग त्याचे शरीर जागे झाले आणि वीर्यही आले. त्याला ते जाणवले नाही, पण दिसले.

"माझंच हाय का हे?" त्याने विचारले आणि तो रडला. कमलही रडली. डोके ठणकायला लागले तर रक्तदाब चढला समजून लगेच बंद करायचे, असे बजावून डॉक्टरांनी मला त्यांच्या हवाली केले.

झरीला मी कमलच्या ट्रंकेत लुगड्यांखाली राहू लागले. दुपारी दार लोटून ती मला बाहेर काढायची. कधी माझा उपयोग व्हायचा, कधी व्हायचा नाही, आणि मग दोघे नुसतेच बोलत पडून राहायचे. ते बोलणे माझ्याइतकेच कामाला आले असे मला वाटते.

एकदा वाकळ शोधताना मुंजाजीच्या आईच्या, पार्वतीबाईंच्या, हाती मी लागले. खोक्यावरचा गुडघा बघून त्यांना भरून आले. "सुनेनं माझ्यासाठी आणली आन सांगायलीबी न्हाई," असे त्या गल्लीभर सांगत सुटल्या. कमलची जीभ रेटली नाही. मग काय, मी शेजारच्या सरजाबाईंच्या गुडघ्यावरून भगवानरावांच्या पाठीवर, तिथून आणखी कुठे. माझी इतकी वाहवा कधीच झाली नव्हती. पण मी घरी नसे, आणि मुंजाजी पुन्हा गप्प झाला होता. शेवटी सरजाबाईंच्या घरी वीज कमीजास्त झाली आणि मी जळाले.

"जाऊ दे, गुडघ्याचीच मशीन हाय," पार्वतीबाई म्हणाल्या.

कमल सासूजवळ चुलीपुढे बसली. सगळे सांगून टाकले तिने, मान खाली घालून. पार्वतीबाईंनी चुलीतले लाकूड आत सारले.

"मला आधी का न्हाई सांगितलंस, पोरी?"

"कसं सांगू, आत्याबाई?"

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळे तेव्हा एस.टी. बंद होती. गाड्या सुरू होताच पार्वतीबाई मला पदरात गुंडाळून परभणीला गेल्या. तिथला विजेचा मिस्त्री खोक्यावरचा गुडघा बघून म्हणाला, "मावशी, ठेवून जा. गुडघ्याला कसली घाई?"

"माझ्या लेकाच्या संसाराची हाय ती. तू कर, मी बसते." आणि त्या बसल्या, मी पुन्हा थरथरेपर्यंत.

पुढे खंडेनवमी आली. घरातली हत्यारे धुऊन पाटावर मांडली गेली. विळा, कुऱ्हाड, पेरणीच्या पाभरीचे फण आणि त्यांच्या शेजारी पार्वतीबाईंनी मला ठेवले. सरजाबाई हसल्या, "गुडघ्याची मशीन कशाला पुजायल्यात?"

"ज्याच्यावर घर चालतंय ते सगळं पुजायचं," पार्वतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला हळदीकुंकू लावले.

त्याच दिवशी चंद्रभान बहिणीला न्यायला पुन्हा आला. मुंजाजी म्हणाला, "आजवर मीच तिला जा म्हणत होतो. आता तिलाच इचारा." कमलने भावापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "दादा, हातपाय धू. जेवून जा. मी इथंच ऱ्हाणार हाय."

मूल झाले का, असे तुम्ही विचारणारच. नाही झाले. मित्रांनो, अशा घरात गेलात तर ते आधी विचारू नका. आणि तुमच्या घरात असा कुणी असेल तर त्याला डॉक्टरांपुढे बोलायचे बळ द्या, दार लोटायला एक खोली द्या.

आता माझे रबर तडकले आहे, मी चालत नाही. पार्वतीबाईही राहिल्या नाहीत. पण दर खंडेनवमीला कमल मला पाटावर ठेवते. हळदीचे एक बोट मला लावते आणि दुसरे, तसेच ओले, मुंजाजीच्या कपाळाला.