आठ नंबरचा रंधा

जुन्या रंध्याला भोक पाडून त्याचा टेबललॅम्प करणाऱ्या माणसांशी माझं जमत नाही. शेफील्डच्या जुन्या बाजारात माझा हत्यारांचा गाळा आहे. आधी वडिलांचा होता. दर शनिवारी असा एक तरी महाभाग येतो, चांगला दीडशे वर्षांचा रंधा हातात घेतो आणि विचारतो, "याला वायर कुठून घालता येईल?" मी त्याला दार दाखवते. मैत्रिणी म्हणतात, ऑड्री, तुझं तोंड तुझ्या धंद्याच्या मुळावर उठलंय. असेल.

लाकडी रंध्याचं वय सांगणं दिसतं तेवढं अवघड नाही. आधी लांबी बघायची. फार जुने रंधे नंतरच्यांपेक्षा बोटभर जास्त लांब असतात. मग कडा बघायच्या. सुरुवातीच्या रुंद आणि सपाट, नंतरच्या गोलसर. आणि मग नावं वाचायची. आमच्याकडचा सुतार आपलं नाव पोलादी ठशाने रंध्याच्या चवड्यावर, म्हणजे पुढच्या टोकावर ठोकतो. रंधा दुसऱ्याच्या हातात गेला की तो नवा मालक आधीचं नाव खरवडत नाही, त्याच्याखाली आपलं ठोकतो. एकेका रंध्यावर चार-चार पिढ्या अशा दाटीवाटीने उभ्या असतात. ही माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत, पण त्यांचे तळवे एकाच जागी झिजले. मला हे वाचताना अजून भरून येतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

माझ्या पाहण्यातला सगळ्यात देखणा संच विल्फ हॅटर्सलीचा होता. कडांना गोलाई आणि खोलगटपणा द्यायचे अठरा रंधे, एकाच कारागिराच्या हातचे, एकाच पेटीत. पेटीला खाचा होत्या आणि प्रत्येक रंधा टाच, म्हणजे मागचं टोक खाली, चवडा वर करून उभा. वरून नावं वाचता येत: ग्रीव्ह, पिकल्स, डंगवर्थ, हॅटर्सली. रुंद सपाट कडांवरून मी तो सतराशे ऐंशीच्या आधीचा धरला होता. असा संच इतकी वर्षं एकत्र राहतच नाही. माणूस गेला की पोरं वाटून घेतात, किंवा माझ्यासारखा दुकानदार सुटे विकतो, कारण सुट्याला जास्त मिळतात. मी स्वतः कधीच संच फोडला नाही. त्यावरूनही लोक मला हसतात.

तीस वर्षं मी वॉकलीचा चढ चढून त्या पेटीसाठी विल्फकडे जात होते. तो सुतार, घरामागच्या अंगणात त्याची कामाची शेड. चहा द्यायचा, आल्याचा केक द्यायचा, पेटी उघडायचा आणि म्हणायचा, "डोळ्यांनी बघ, पोरी. हात खिशात." मी साठीला आले तरी त्याच्यासाठी पोरगीच होते.

एक गोष्ट मला खटकायची. सतरा रंध्यांवर विल्फचं नाव होतं, आठ नंबरवर नव्हतं. तिथली यादी डंगवर्थवर थांबायची. खाली जागा भरपूर होती.

"याच्यावर का नाही ठोकलंत?" मी एकदा विचारलं.

"राहिलं," तो म्हणाला, आणि वेन्सडे फुटबॉल क्लबच्या गोलकीपरला शिव्या घालू लागला.

मागच्या शरद ऋतूत त्याचा फोन आला. तो चौऱ्याऐंशीचा झाला होता, गुडघे गेले होते, मुलगी त्याला व्हिटबीला स्वतःच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात नेणार होती. "गाडी घेऊन ये," एवढंच बोलला. आयुष्यात मी फार थोड्या वस्तूंचा हव्यास धरला, त्यातली ती पेटी पहिली.

शेडमध्ये जवसाच्या तेलाचा तोच वास होता. बाकावर पेटी उघडी, आणि एका कोपऱ्यात लोखंडी शेगडी पेटवलेली.

"सतरा तुझे," विल्फ म्हणाला. "पैशाचं नाव काढू नकोस."

"अठरा आहेत."

"सतरा. आठ नंबर शेगडीत जाणार."

"डोकं फिरलंय का तुमचं? एक जाळलात तर संच मेला. अडीचशे वर्षं लोकांनी सांभाळला तो काय तुम्ही शेकोटी करावी म्हणून?"

"झालं बोलून?"

"नाही झालं."

"मग आधी बघ तरी काय जाळतोय ते. साऱ्या जगाच्या हत्यारांचं वय सांगत फिरतेस ना? याचं सांग. काढ बाहेर."

तीस वर्षांत पहिल्यांदा मी हात खिशातून काढले. आठ नंबर खाचेत घट्ट बसला होता, ओढावा लागला. बाकीचे सतरा कडक चहासारखे काळपट तपकिरी, हा चवड्यापाशी तसाच, पण खाली उतरत गेलं की फिकट आणि कोरडा. याला तेल कधी मिळालंच नव्हतं. मी तो उलटसुलट केला आणि दोन्ही टोकं निरखली.

रंधा म्हणजे लाकडाचा एक ठोकळा. झाडाच्या वाढीची वळी एका टोकाला जशी दिसतात तशीच दुसऱ्या टोकाला दिसली पाहिजेत, कारण झाड एकच असतं. याच्या चवड्यावरची वळी उभी होती, टाचेवरची आडवी. मी अंगठ्याचं नख बाजूने फिरवलं. चवड्यापासून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर नख अडकलं. केसाएवढी रेघ, मेणाने भरलेली.

"चवडा जुना आहे," मी म्हणाले. "बाकी अंग नवं. दुसऱ्या झाडाचं. पन्नासच्या दशकातलं असावं."

"सत्तावन्न," विल्फ म्हणाला आणि स्टुलावर बसला. "पहिली आहेस तू ओळखणारी."

मग त्याने सांगितलं. सतरा वर्षांचा शिकाऊ उमेदवार होता तो, होरेस डंगवर्थच्या हाताखाली. रंधे होरेसचे. एका सकाळी विल्फने आठ नंबर सरस वितळवायच्या शेगडीजवळ ठेवला, कोणीतरी हाक मारली म्हणून बाहेर गेला आणि परत आला तेव्हा टाचेकडून निम्मा कोळसा झाला होता. होरेस त्या आठवड्यात बाहेरगावी चर्चचे बाक बसवत होता. विल्फने जुन्या टेबलाचा बीचचा पाय कापला आणि त्यातून नवा रंधा कोरला. जळक्याचा चवडा नावांसकट कापून त्याला चिकटवला, त्या वेळेपुरता रंग जुळावा म्हणून काजळी आणि मेण चोळलं, जुनं पातं आणि पाचर बसवली, आणि खाचेत ठेवून दिला.

"आणि होरेस?"

"दुसऱ्या दिवशी आला. आठ नंबर काढला, एका फळीवर चालवला, परत ठेवला. काही बोलला नाही." विल्फने हनुवटी चोळली. "केसाएवढी फट त्याला दाराच्या पलीकडून दिसायची, ऑड्री. आणि त्याला मी फसवलं. तो गेल्यावर त्याच्या बायकोने पेटी मला दिली. सतरांवर नाव ठोकलं. याच्यावर हात उठला नाही. त्यानंतर शिवलोही नाही याला. दुसऱ्यांच्या नावांखाली आपलं खोटं अंग चिकटवलंय मी, हे रोज बघायचं आणि रोज काम करायचं."

मला त्याची दया आली आणि रागही आला, माझं नेहमीच असं होतं. "एवढी लाज होती तर टाचेवर सही कशाला केलीत?"

"कसली सही?"

"ही काय. डब्ल्यू. हॅटर्सली."

"काहीतरीच काय बोलतेस."

मी रंधा त्याच्यापुढे धरला. टाचेवर, आडव्या वळ्यांच्या बरोबर मध्ये, नाव खोल आणि सरळ ठोकलेलं होतं. विल्फने चष्मा शोधला, सापडला नाही, मग अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"मी नाही ठोकलं," तो म्हणाला.

"मग काय मी?"

"मी याला खाचेतून वर काढलेला नाही म्हणतोय ना तुला. होरेस गेल्यापासून नाही, त्याच्या आधीही नाही. हा नंबर लागला की मी सहा आणि दहावर भागवायचो."

तो चिडला होता आणि खोटं बोलत नव्हता. मी भिंग काढलं. शेजारचा सहा नंबर उचलून त्याच्या चवड्यावरचं हॅटर्सली बघितलं, मग दहा नंबरचं, मग चौदाचं. सगळीकडे 'एच'चा उजवा पाय खाली तुटका होता. आठ नंबरच्या टाचेवर मात्र 'एच' दोन्ही पायांवर धडधाकट उभा होता.

"विल्फ, तुमचा ठसा तुटला कधी?"

"पहिल्याच दिवशी." एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "एकविसावं लागलं, उमेदवारी संपली. होरेसने चिंधीत गुंडाळून ठसा हातात दिला. नवा, त्यानेच करून घेतलेला. तसा रिवाज होता. सगळे कारागीर भोवती उभे. मी ऐटीत माझ्या पेटीच्या झाकणावर ठेवला आणि हातोडा हाणला, आणि खाली खिळा. 'एच' लंगडा झाला. पुढे महिनाभर मला लंगड्या म्हणायचे हरामखोर."

"म्हणजे तुमच्या हातून धडका 'एच' कधी उमटलाच नाही."

"नाही."

"हा धडका आहे."

विल्फला कळायला थोडा वेळ लागला. नवा ठसा कोणाला द्यायच्या आधी देणारा एकदा ठोकून बघतो, अक्षरं नीट उठतात का ते. कुठल्याही फालतू तुकड्यावर ठोकता आलं असतं. होरेसच्या दुकानात तुकड्यांची काही कमी नव्हती.

"चवड्यावर नावं मालकांची असतात," मी शेवटी म्हणाले. "पण पहिलं नाव करणाऱ्याचं. तुमच्या लाकडात ते ठोकायला टाचच मोकळी होती. त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, विल्फ. आणि उमेदवारी संपली तेव्हा तुमचं नाव त्याने आधी तुमच्या कामावर घातलं."

विल्फ टाचेवरून अंगठा फिरवत राहिला.

"सांगायचं ना मग," तो म्हणाला. "तोंडाने सांगायचं."

"तसा होता का तो?"

"नव्हता." त्याचे डोळे भरले होते, आणि त्याने ते पुसले नाहीत. "त्याला वाटलं असेल, आठवडाभरात काढेल पोरगा कामाला, आणि बघेल. तीन वर्षं जगला त्यानंतर. माझ्याकडे बघायचा कधी कधी असा, काही विचारायचं असल्यासारखा. मला वाटायचं, आता पकडणार. मी मान खाली घालायचो. आणि हा इथे टाच खाली करून उभा."

शेगडी हळूहळू विझली. आम्ही दोघांनीही तिच्यात काही घातलं नाही. मी चहा केला, कारण दुसरं काय करणार होते.

"सतराच तुझे," निघताना विल्फ म्हणाला.

संच फोडणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या आहेत. तो आठ नंबर मी माझ्या हाताने वर्तमानपत्रात गुंडाळला आणि त्याच्या व्हिटबीच्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवला.

वसंतात विल्फ गेला. मुलीने बिस्किटांच्या डब्यात घालून रंधा पाठवला. सोबत तिने लिहिलं होतं की बाबा तो उशाशी ठेवायचे, नर्सना दाखवायचे आणि त्यांच्याकडून जवसाचं तेल मागायचे. आता सगळं अंग बाकीच्यांच्या रंगाला आलं होतं, आणि टाच तर अंगठ्याने घासून चकचकीत झाली होती.

पेटी माझ्या गाळ्यात आहे, विकायला नाही. शनिवारी कोणीतरी वाकून बघतंच.

"बाई, यातला एक उलटा ठेवलाय तुम्ही, टाच वर करून. आठ नंबर."

"तो सरळ आहे," मी म्हणते. "हात खिशात ठेवा."