झुंबराचा जोडलेला हात

मित्रांनो, मी एक जुनं झुंबर आहे, आणि खरं सांगायचं तर या घराच्या मानानं माझा आकार जरा जास्तच आहे. सिंगापूरच्या पासिर रिसमधल्या एका एचडीबी, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, फ्लॅटमध्ये मी जेवणाच्या टेबलावर टांगलेला आहे. टेबलावरच का? तर छत बुटकं. दुसरीकडे कुठे टांगलं असतं, तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळाला टेंगूळ आलं असतं.

माझा जन्म इटलीतला, व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचा. ऑरेलिओ नावाच्या कारागिरानं भट्टीपुढे घाम गाळत, लांब नळीतून फुंकर मारून मारून मला घडवलं. मधाच्या रंगाची काच, नागमोडी वळणाचे दहा पोकळ हात, वर काचेच्याच पानांचा तुरा. सगळं हाताचं काम, त्यामुळे माझा एक हात दुसऱ्यासारखा तंतोतंत नव्हता. पण दुरून बघणाऱ्याला ते कळत नसे आणि मीही कुणाला सांगत नसे.

हात पितळी वाट्यांत बसवून झाले, तेव्हा ऑरेलिओ आपल्या जोडीदाराला म्हणाला, "बोट लावून बघ. किंचित हललं पाहिजे." दिवे लागले की धातू तापून फुगतो, तेव्हा काचेला थोडी मोकळी जागा लागते. ही गोष्ट मी जन्मभर लक्षात ठेवली. तुमच्याशिवाय ती कुणाला सांगता आली नाही, हेच माझं दुर्दैव.

पुढे मी जहाजातून सिंगापूरला आलो आणि समुद्राकाठच्या एका हॉटेलात झळकू लागलो. माझ्याखाली कितीतरी लग्नं लागली. लोक माना वर करून वाहवा करत आणि मी हुरळून जात असे. मग १९९४ साली हॉटेलचं रूप पालटलं. नव्या लोकांना छतात बसणारे चपटे पांढरे दिवे हवे होते. माझी रवानगी मागच्या अंगणात झाली, फुटक्या खुर्च्यांच्या शेजारी. काल राजा, आज रंक म्हणतात ना, तसंच झालं.

तिथून मला उचललं मनोहरकाकांनी. ते जहाजांवरचे इंजिनियर. बोटीवर असताना एकदा त्यांनी मुरानोची भट्टी डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून मला बघून त्यांचा पाय निघेना. मालकांना विचारून त्यांनी मला गोणपाटात गुंडाळून घरी आणलं. त्यांचे मित्र हसले. म्हणाले, नाकापेक्षा मोती जड. मला राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं.

रविवारी काकांनी मला टांगलं. आता, जहाजावर सैल नट म्हणजे महापाप. समुद्रात इंजिन हादरतं, तिथे सगळं आवळूनच ठेवावं लागतं. काकांनी पाना घेतला आणि माझा एकेक हात जीव लावून आवळला. मी आतल्या आत ओरडत होतो. शेवटच्या हाताला त्यांनी अजून एक पीळ दिला आणि टक्कन आवाज झाला. हात मधोमध तुटून टेबलावर पडला, मधल्या भागाचा तर चुराच झाला. अति तिथे माती.

काका बिचारे पाना हातात धरून खाली बसले. मग म्हणाले, लुळं झुंबर काय कामाचं? उद्या खाली कचऱ्यात ठेवून येतो.

त्यांच्या पत्नी, संजीवनीकाकू, तुकडे वेचत होत्या. त्या उठल्या. "अहो, टाकायचं नाही. मला काच येते."

मित्रांनो, हे खरं होतं. काकूंचे वडील पुण्यात प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनवत, आणि काकू त्यांच्याच शेजारी बसून ज्योतीवर काच वळवायला शिकल्या होत्या. लग्नानंतर त्या इथे आल्या आणि काम सुटलं. सहा वर्षांत त्यांच्या हातांनी पोळ्याच लाटल्या होत्या. मला माझ्या जिवाची काळजी होती, पण काकूंना वेगळीच धास्ती होती. हात विसरले असतील तर?

विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये मिस्टर लिम नावाचे गृहस्थ काचेची उपकरणं बनवत. काकूंनी त्यांना फोन केला. ते नाही म्हणाले. काकूंनी पुन्हा केला. शेवटी त्यांनी बोलावलं आणि दोन नळ्या पुढे ठेवून सांगितलं, जोडून दाखवा. पहिल्या खेपेला काकूंनी भोक पाडलं. दुसऱ्या खेपेला सांधा बसला. मिस्टर लिमनी तो उजेडात धरून फिरवला आणि म्हणाले, "Okay lah. Saturday you come."

काकांनी सुचवलं, प्रयोगशाळेचीच नळी मध्ये जोडून टाक. काकूंनी मान हलवली. दोन्ही काचाच, पण निवताना एक कमी आकसते, दुसरी जास्त. त्यांचं जमत नाही. माझ्या हाताला माझीच काच हवी होती. म्हणून मधला भाग घडवायला त्यांनी माझ्या तुऱ्यातलं एक पान वितळवण्यासाठी काढून घेतलं.

दर शनिवारी काकू माझ्या हाताचे तुकडे जुन्या सुती साडीत गुंडाळून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जात. पहिल्या शनिवारी हात जुळला, आणि काकूंनी तो ज्योतीवरून काढून सवयीनं बाजूला ठेवला. प्रयोगशाळेची काच असले लाड मागत नाही. मी मात्र म्हातारा. मला हळूहळू निवावं लागतं. सांधा तडकला. पहिलं पान वाया गेलं. पुढच्या शनिवारी काकूंनी घाई केली नाही, तरी फुंकर मारताना काचेचा फुगा फुटला. दुसरं पानही गेलं. आता तुऱ्यात एकच मोठं पान उरलं होतं. काका म्हणाले, निदान तेवढं तरी शोभेला राहू दे. काकूंनी स्टुलावर चढून तेही काढलं. मला भीती वाटली, हे कबूल करतो. पण त्यांचा चेहरा बघून मला ते पान द्यावंसंही वाटलं.

त्या शनिवारी हात जुळला, वळला, आणि काकूंनी तो तसाच गरम गरम मिस्टर लिमच्या ओव्हनमध्ये ठेवला. उष्णता पायरीपायरीनं उतरवली. दुसऱ्या दिवशी हात बाहेर आला तो अखंड. थोडा आखूड, मध्ये जाडसर, आत दोन बुडबुडे. काकूंनी तो छातीशी धरला आणि ढसाढसा रडल्या.

घरी मला पुन्हा टांगलं, तर मी एका बाजूला कललो. नवा हात हलका पडला होता. तोल सांभाळणं हे मात्र काकांचं काम. त्यांनी मोजमाप सांगितलं आणि काकूंनी प्रयोगशाळेच्या काचेचा एक भरीव लोलक बनवला. जी काच माझ्याशी जुळत नव्हती, ती आता माझ्या हातात लटकते. आमचं छान चाललं आहे.

शेवटचा नट बसवताना काकांनी पाना घेतलाच नाही. बोटांनीच फिरवला आणि थांबले. काकूंनी विचारलं, "हलतंय का?"

"किंचित."

"मग राहू द्या."

मित्रांनो, हे ऐकायला ऑरेलिओ हवा होता, असं मला फार वाटलं.

आता पाहुणे आले की जोडलेला हात कुठला ते लगेच ओळखतात, आणि काकूंना त्याचं वाईट वाटत नाही. शनिवारी त्या अजूनही वर्कशॉपला जातात. माझा तुरा मात्र बोडकाच राहिला आहे.

तुमच्याही घरात एखादी जुनी, नाजूक वस्तू असेल. मोडली म्हणून ती टाकू नका, आणि मोडेल म्हणून घट्ट आवळूनही ठेवू नका. माझी धूळ पुसायला कधी स्टुलावर चढलात, तर हलकेच बोट लावून बघा. मी हललो, तर घाबरू नका. हलतो आहे, म्हणजे नीट बसलो आहे.