नदी मंडळाच्या टेबलाची विनंती

मी टेबल बोलतोय. सध्या गोल आहे, पण जन्माने लांबट. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे जुनी प्रकरणं उकरून भांडायची पद्धत आहे.

एका नदीवर तीन देश: वरचा, मधला आणि खालचा. त्यांचं मिळून एक नदी मंडळ. त्या मंडळाच्या सभागृहासाठी सुतारकाकांनी मला घडवलं. काका तेव्हा या इमारतीत नोकरीला नवीन होते आणि मी त्यांचं इथलं पहिलं काम. माझे पाय त्यांनी इतका वेळ घासले की वरिष्ठांनी विचारलं, "टेबल करताय की मुलगी दाखवायची आहे?"

मंडळाचं खरं काम एकच. वरच्या देशाने धरणाचे दरवाजे उघडायच्या आठ तास आधी खालच्यांना कळवायचं. बाकी सगळं म्हणजे फोटो आणि जेवण. हा करार दर पाच वर्षांनी माझ्यावर ठेवून, सह्या करून वाढवायचा. माझ्यावरच आणि सभागृहातच, असं नियमात लिहिलेलं आहे.

काकांची लेक खालच्या देशात दिलेली. सासर अगदी नदीला लागून. त्यामुळे कराराची शेवटची तारीख कुठल्याही साहेबापेक्षा काकांना जास्त पाठ होती.

दाराकडे तोंड करून बसेल तो अध्यक्ष, अशी इथली रीत. सुरुवातीची कित्येक वर्षं ती खुर्ची खालच्या देशाची होती. बंदरं त्यांची, जहाजं त्यांची, आवाजही त्यांचाच. मग बंदरांत गाळ साचला आणि वर धरणं उभी राहिली, कारखाने उभे राहिले. वरच्या देशाचे साहेब पूर्वी एका फाईलनिशी यायचे, ते आता अकरा माणसं घेऊन यायला लागले. एके दिवशी ते अर्धा तास आधी आले आणि त्या खुर्चीत बसले. खालचे साहेब आले, त्यांनी पाहिलं आणि ते उभेच राहिले. अडीच तास उभे होते. मधल्या देशाच्या साहेबांनी नुसती मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, यावर पुढे चार महिने पत्रव्यवहार चालला.

शेवटी मला गोल करायचं ठरलं. गोलाला टोक नसतं, म्हणजे भांडण नसेल, असा हिशेब. काकांनी करवत घेतली. "सोस जरा," एवढंच म्हणाले. मी सोसलं. माझे चारही कोपरे गेले आणि दार मात्र जिथल्या तिथे राहिलं. पुढच्याच बैठकीत दोन्ही साहेब दारासमोरच्या एकाच खुर्चीपाशी उभे.

तेव्हा मंडळाने तोडगा काढला: सभागृहाला तीन दारं करायची. ज्याने त्याने आपापल्या दाराकडे बघावं.

"साहेब, भिंती फोडायला तीन आठवडे लागतील," काका म्हणाले. "करार शुक्रवारी संपतोय."

"त्याचा आणि दारांचा काय संबंध?" साहेबांनी विचारलं.

काकांनी भिंती मोजायला घेतल्या. नोकरी करायची होती त्यांना.

मला घरंगळवत बाहेर आणून व्हरांड्यात ठेवलं. सभागृह बंद, म्हणून बैठक बंद, म्हणून सह्या बंद. शुक्रवार आला आणि करार निमूटपणे संपला.

व्हरांड्यात मात्र माझे दिवस बरे चालले होते. तिन्ही देशांची पाण्याची पातळी नोंदवणारी माणसं माझ्याभोवती चहा प्यायला बसायची. कोण कुठे बसलं, हे त्यांना उठेपर्यंतही लक्षात नसायचं. वरच्या देशाची पातळीबाई तर माझ्यावरच डबा उघडायची आणि काकांना लोणचं वाढायची.

मंगळवारी दुपारी ती डबा न उघडताच बसली. वर तीन दिवस पाऊस कोसळत होता.

"काका, मला कुणाला काही कळवायचा आदेश नाही," ती म्हणाली.

"बरं."

"म्हणून मी कळवत नाहीये. मी आपली बसल्या बसल्या बोलतेय. रात्री दहाला दरवाजे उघडणार आहेत. सगळे."

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजले होते. हातातला रंधा माझ्यावर ठेवून त्यांनी लेकीला फोन लावला.

"आधी गुरं सोड. सासूबाईंना गाडीत बसव. सामानाचा विचार करू नकोस. आणि शेजाऱ्यांना सांग, त्यांना पुढच्यांना सांगायला सांग."

"कुणी सांगितलं, बाबा?"

"टेबलावरच्या माणसाने."

पाणी आलं ते लेकीच्या घराच्या आढ्याला टेकलं. काठावरची सात गावं रिकामी होती. एकही माणूस दगावला नाही.

खालच्या देशाने निषेध नोंदवला, कारण सूचना योग्य मार्गाने आली नव्हती. वरच्या देशाने निषेध नोंदवला, कारण अशी सूचना त्यांनी दिलीच नव्हती. मग चौकशी झाली आणि कित्येक वर्षांत प्रथमच दोन्ही देशांचं एका गोष्टीवर एकमत झालं. पातळीबाईला कामावरून काढलं.

ती डबा न्यायला आली तेव्हा काकांनी तो घासूनपुसून तिच्या हातात दिला. "लेक बरी आहे ना?" तिनेच विचारलं आणि गेली. मला फार वाईट वाटलं. लाकडाला वाटू नये म्हणतात, पण वाटलं.

आता तीन दारं झाली आहेत. त्यातलं मुख्य कुठलं, यावर चर्चा सुरू आहे, म्हणून मी अजून व्हरांड्यातच आहे. करार अजून झालेला नाही आणि वर पुन्हा ढग जमलेत.

काल पातळीबाईच्या जागी नवा माणूस आला. कडक इस्त्रीचा, कुणाशी न बोलणारा. काकांनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि ते वळले. त्याने खिशातून पेन्सिल काढली.

"काका," तो खाली बघतच म्हणाला, "तुमच्या लेकीचा नंबर सांगा."

कागद जवळ नव्हता. त्याने तो माझ्या काठावरच लिहून घेतला.

तुमच्यापैकी कुणी मला पुन्हा आत नेलंत, झटकलंत, पॉलिश केलंत, तर माझी ना नाही. हवं तर चौकोनी करा. काठावरचे ते दहा आकडे तेवढे पुसू नका.