दसरा काढायचं मशीन

अमृतराव इगे यांना वस्तू विकत घेण्यापेक्षा निवडण्याचा शौक दांडगा. कृषी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून तर त्यांना दुसरा उद्योगच उरला नव्हता. त्यांनी कूलर निवडायला घेतला तेव्हा घरच्यांनी दोन उन्हाळे घाम पुसत काढले. फ्रिजच्या वेळी निवड चालू असतानाच दुकानदारानं दुकान मोडून तिथं मोबाईलचा धंदा टाकला. आपल्याला कुणी फसवू शकलं नाही, याचं अमृतरावांना मात्र मोठं समाधान होतं.

त्यांचं घर लातूरच्या रेणापूर रस्त्याला, सहा खोल्यांचं. रस्त्याची धूळ काही न विचारता थेट बैठकीत येऊन बसायची. मागच्या कोठीत दोन हंगामांचं सोयाबीन भाव चढायची वाट बघत पोत्यांत पडलं होतं आणि त्याचं भुसकट वाऱ्यासरशी घरभर फिरायचं. त्यात अमृतराव जन्मात काही टाकून देत नसत. ठिबकच्या तुटक्या नळ्या, जळालेल्या मोटारीची तार, वीस वर्षांची पेपरं, फुटका फवारणीपंप, सगळं कधीतरी कामाला येणार म्हणून जपून ठेवलेलं. नवखा माणूस त्या घरात पाऊल टाकताना आधी खाली बघायचा.

हा सगळा पसारा एकेचाळीस वर्षं साखराबाईंनी आवरला. घट बसायच्या आधी घराचा कानाकोपरा झाडून, वाकळा-गोधड्या धुऊन काढायच्या, याला आपल्याकडं दसरा काढणं म्हणतात. तो साखराबाईंनी कधी चुकवला नव्हता. पण या उन्हाळ्यात नांदेडला त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाकायचं नाही, खाली बसायचं नाही अशी ताकीद दिली. त्या वेळी दवाखान्यातल्या बाईनं फॉर्म भरताना नवऱ्याचं नाव विचारलं, तर साखराबाई नुसत्या लेकीकडं बघत राहिल्या. शेवटी पुनमनं बापाचं नाव सांगितलं. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव साखराबाईंच्या तोंडातून कधी निघालंच नव्हतं. 'आवं' म्हणून हाक मारायची, नाहीतर 'पुनमचे बाबा' म्हणायचं, एवढ्यावर त्यांचा संसार झाला होता.

पितरपाठ लागला त्या दिवशी त्यांनी अमृतरावांना समोर बसवलं.

"यंदा मला दसरा काढता येत न्हाई. पुनम म्हणाली तसं व्हॅक्यूम क्लीनर आणा, हॉटेलात असतंय तसलं दांडगं. घट बसायच्या आत मशीनचं नक्की झालं न्हाई तर मी नांदेडला पुनमकडं चालले. घट तुम्हीच बसवा न् नऊ दिवस माळ बी तुम्हीच घाला."

एवढं बोलून त्यांनी दवाखान्यात नेलेली निळी बॅग काढली, घडी घातलेली लुगडी तिच्यात भरली आणि ती पलंगाच्या पायथ्याशी ठेवून दिली. घटाला माती कुठली, धान्य कोणतं, हे अमृतरावांना ठाऊक नव्हतं. खरं तर घरातली साखर कोणत्या डब्यात असते तेही ठाऊक नव्हतं. साखराबाईंशिवाय नऊ दिवस या घरात काढायचे म्हणजे काय, या विचारानं त्यांची झोपच उडाली.

तरी वस्तू पारखून घ्यावी हा त्यांचा बाणा होता. त्यांनी एका कंपनीला फोन लावला. घरी येऊन मशीन फुकट चालवून दाखवतात असं कळलं. पितरपाठात नवी वस्तू कुणी घेत नाही, त्यामुळं विकणारी माणसं मोकळीच होती. दुसऱ्या दिवशी शिवशंकर नावाचा चाळिशीचा गृहस्थ मोटारसायकलला मशीन बांधून हजर झाला. मूळचा उमरीचा, बोलायला गोड. त्यानं दीड तास बैठकीत मशीन फिरवलं, सोफा ओढला, गादी झटकली, पंख्याची पाती पुसली. गादीतून निघालेली माती त्यानं पांढऱ्या फडक्यावर ओतून दाखवली, तेव्हा आपण एवढ्या मातीवर झोपत होतो हे बघून अमृतराव वरमले.

साखराबाई खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. मशीनचं वजन किती, भुसकटानं पाईप तुंबतो का, आणि बिघडलं तर लातुरात दुरुस्त करणारा कोण. शिवशंकरनं नीट उत्तरं दिली. अमृतरावांनी चहा पाजला आणि पितरपाठ संपू द्या, विचार करून सांगतो म्हणाले. जाताना शिवशंकर आपलं कार्ड टीव्हीखाली ठेवून गेला.

तो गेल्यावर अमृतराव बैठकीत एकटेच उभे राहिले. फरशीचा रंग लाल आहे हे त्यांना कितीतरी वर्षांनी आठवलं. आणि मग त्यांच्या डोक्यात जो विचार आला, त्यावर ते स्वतःच खूश झाले. कंपन्या पुष्कळ आहेत आणि खोल्या सहाच आहेत.

दुसऱ्या कंपनीच्या माणसाला त्यांनी थेट झोपायच्या खोलीत नेलं. तिसऱ्यानं माडीवरच्या दोन्ही खोल्या काढल्या. चौथा ओला कचराही ओढणारं मशीन घेऊन आला, त्याच्याकडून स्वयंपाकघराच्या वरच्या फळ्यांपर्यंत सगळं झालं. "हितं ओढतंय का बघू जरा," असं म्हणत अमृतराव बोटानं कोपरे दाखवायचे, आणि बिचारा माणूस विक्रीच्या आशेनं कोपऱ्यात शिरायचा. प्रत्येकाला ते सांगायचे की आधीच्यापेक्षा तुमचं मशीन सरस वाटतंय. प्रत्येकाला पोहे मिळायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेला ते बारीक अक्षरात लिहून ठेवायचे: बैठक झाली, माडी झाली, स्वयंपाकघर झालं. अमावस्येच्या चौकटीत कोठी आणि पाचव्या कंपनीचा फोन नंबर आधीच लिहून ठेवला होता.

साखराबाई आपली खुर्ची घेऊन खोलीमागून खोलीत बसायच्या आणि प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारायच्या. बाईमाणसाचा वेळ जातोय, जाऊ दे, असं अमृतरावांना वाटायचं. त्यांचा बेत पक्का होता. अमावस्येला कोठी झाली की सगळं लख्ख घर बायकोला दाखवायचं आणि म्हणायचं, दसरा तर निघाला, आता मशीन कशाला? पुढच्या वर्षी बघू.

अमावस्येला पितरांना नैवेद्य दाखवून जेवणं झाली. पाचव्या कंपनीचा माणूस दुपारी येणार होता. दाराची बेल वाजली, अमृतरावांनी हसतमुखानं दार उघडलं, आणि दारात शिवशंकर उभा.

अमृतरावांचं हसू ओठांवरच राहिलं. शिवशंकर मात्र अगदी अदबीनं आत आला. आमचे साहेब रोज विचारतात, इगे काकांचा विचार झाला का म्हणून, असं त्यानं सांगितलं. मग त्यानं पाईप जोडला आणि तो अमृतरावांच्या हातात दिला.

"दुसरा डेमो गिऱ्हाइकानं स्वतः करायचा असतो, काका. आमचा नियम हाय."

असला नियम जगात कुठं असेल यावर अमृतरावांचा विश्वास बसला नाही. पण बायकोसमोर माघार घेणंही जमेना. ते धोतराचा सोगा खोचून कोठीत शिरले. साखराबाईंनी दाराशी खुर्ची टाकली, शेजारी शिवशंकरसाठी दुसरी ठेवली आणि त्याला चहा दिला.

"काकू, फोनवर तुम्ही सांगितली तशीच खोली हाय बगा," शिवशंकर बशीत चहा ओतत म्हणाला.

अमृतरावांनी वळून बघितलं. साखराबाईंनी नजर चुकवली नाही. कॅलेंडर आपल्यालाबी वाचता येतं, पाचव्याला येऊ नको म्हणून सकाळीच कळवलं, असं त्यांनी शांतपणे सांगून टाकलं. आणि पोत्यांच्या मागं घ्या, म्हणाल्या.

पोत्यांच्या मागं घ्यायचं तर आधी पोती सरकवावी लागतात, हे अमृतरावांना पहिल्यांदाच कळलं. एक पोतं सरकवलं तर कंबरेत कळ गेली. मागं उंदरांनी पेपरांचा भुगा करून ठेवला होता, ठिबकच्या नळ्यांत कोळ्यांनी घरं केली होती, आणि प्रत्येक वस्तू उचलल्याशिवाय तिच्याखालची धूळ निघत नव्हती. खाली वाकून फळीखाली पाईप घालायचा, उठायचं, पुन्हा वाकायचं. दोनदा टाकी भरली, दोन्ही वेळा ती त्यांनाच अंगणात नेऊन रिकामी करावी लागली. नाकात, कानात, भुवयांत भुसकट गेलं. माणूस ओळखू येईना. दाराकडून अधूनमधून सूचना येत होत्या, आणि दोघांचा आवाज फारच खुशीत होता.

दोन तासांनी मशीन बंद करून ते तिथंच पोत्यावर बसले. साखराबाई सावकाश उठल्या, भिंतीचा आधार घेत तांब्या घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढं धरला.

"एक खोली झाली तुमची," त्या म्हणाल्या. "मी सहा काढायचे. वर रेणा नदीवर वाकळा नेऊन धुवायचे. एकेचाळीस वर्सं."

अमृतरावांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. त्यांना खरोखर लाज वाटली, आणि लाज वाटल्याची लाजही वाटली. मला ठाऊक नव्हतं, असं ते पुटपुटले.

"ठाऊक होतं. इचारलं न्हाई कधी."

अमृतरावांनी भुवयांतलं भुसकट पुसलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दोन वाक्यांत एक वस्तू निवडली. हेच मशीन घ्यायचं, म्हणाले. उद्या सकाळी घट बसायच्या आत आणून द्या.

शिवशंकरनं लगेच पिशवीतून फॉर्म काढला. पण साखराबाईंनी हात वर केला. हे मशीन वजनाला जड आहे, चारही मशीनांत सगळ्यांत जड हेच, असं त्या म्हणाल्या. शिवशंकरचा चेहरा पडला. अमृतरावही गोंधळले. मग कामून घ्यायचं, त्यांनी विचारलं.

"भुसकटानं याचा पाईप तुंबला न्हाई, न् याला दुरुस्त करणारा गावातच हाय," साखराबाई म्हणाल्या. "वजनाचं काय, मला थोडंच उचलायचंय?"

शिवशंकरनं मान खाली घालून फॉर्म भरायला घेतला. पत्ता लिहिला, फोन नंबर लिहिला. मग पेन थांबवून त्यानं विचारलं की दुरुस्तीची माणसं येतात तेव्हा त्यांना घरात मशीन कोण चालवतं ते लागतं, तर तिथं नाव कुणाचं टाकू.

अमृतरावांनी आशेनं बायकोकडं बघितलं. ती नाव घेणार नाही, एवढी त्यांना खात्री होती.

साखराबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एकेक शब्द सुटा करून सांगितला.

"अमृतराव केरबा इगे."

शिवशंकरनं लिहिलं. अमृतराव बसल्या जागी कानापर्यंत लाल झाले. साखराबाई आत गेल्या आणि निळ्या बॅगेतली लुगडी काढून परत कपाटात ठेवू लागल्या.